पाठमोरी लोहारीण

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात आत्याला घशाच्या गोळ्या सुट्या मिळत, पण गप्पा घाऊकच घ्याव्या लागत.

"ती जिवंत आहे, आत्या. लिहून देतो मी," औषधवाला गोळ्या मोजायच्या सोडून म्हणाला. "भट्टीच्या खाली भुयार असणार. शहाणा लोहार भुयाराशिवाय भट्टी बांधतच नाही."

"तुम्ही किती भट्ट्या बांधल्यात आजवर?"

"ते सोडा हो. तिचा वेगळा सिनेमा येतोय, स्पिन-ऑफ. म्हणजे मूळ घर मोडलं तरी त्यातल्या एकाचं बिऱ्हाड वेगळं थाटायचं. बघाच तुम्ही."

मागे रांगेत उभा असलेला बस कंडक्टर मध्येच तोंड घालून म्हणाला, "भुयार-बियार काही नाही. तिला मुलगी आहे. चौथ्या भागात खिडकीत एक लहान हातोडी दिसते. ती काय उंदरांसाठी ठेवली होती?"

"हातोडी दिसली म्हणून लगेच मुलगी?"

"मग बिऱ्हाड थाटायला कुणीतरी नको?"

दोघं हमरीतुमरीवर आले. एका मुद्द्यावर मात्र त्यांचं एकमत होतं, आणि तो मुद्दा कंडक्टरने छाती फुगवून, घसा खरवडून, साक्षात आत्याच्या तोंडावर म्हणून दाखवला: "'भट्टी विझवू नका. माझं काम राहिलंय.' आता सांगा, मरणारी बाई असं बोलते का?"

"नाही बोलत," आत्या म्हणाली. तिने गोळ्या पिशवीत टाकल्या आणि गालातल्या गालात हसत बाहेर पडली.

या वादाला पार्श्वभूमी अशी. कवचवीर नावाच्या महानायकाचे एकामागून एक आठ सिनेमे आले. आठव्यात त्याने जग वाचवलं, कवच उतरवून खुंटीला टांगलं आणि मालिका संपली. जगभर लोकांनी डोळे पुसले आणि पुढच्या आठवड्यापासून अंदाज बांधायला घेतले, की आता स्पिन-ऑफ कुणाचा निघेल. इतर सगळ्या देशांत बोलबाला होता कवचवीराच्या कुत्र्याचा. कुत्रा गोड होता, त्याबद्दल वाद नाही. पण या एका शहरात, आणि ही भाषा जिथे जिथे बोलली जाते तिथे, कुत्र्याला कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं. इथे सगळ्यांना लोहारीण हवी होती. कवचवीराचं कवच ठोकून देणारी, प्रत्येक भागात जेमतेम चार वाक्यं बोलणारी, केस पिकलेली ती बाई आठव्या भागात कोसळणाऱ्या भट्टीत सापडली होती. बाकीच्या जगाने तिला मेलेली धरून सोडून दिलं. इथले लोक सोडायला तयार नव्हते.

हे असं का, ते फक्त आत्याला ठाऊक होतं.

आत्या म्हणजे लोहारणीचा आवाज. परदेशी सिनेमे आपल्या भाषेत आणायचे, त्यातल्या माणसांच्या तोंडी आपले शब्द बसवायचे, हे तिच्या माहेरचं काम. चपलांच्या दुकानाखाली तळघरात तिच्या भावाने डबिंगचा स्टुडिओ काढला होता. भिंतींना जाड नमदा, मध्ये काच, काचेपलीकडे माइक, अलीकडे बटणांचं टेबल. वरून कातड्याचा वास यायचा तो कायमचाच. भाऊ गेल्यावर टेबलामागे भाचा बसला.

आत्याचा आवाज लहानपणापासून घोगरा. "भांड्याला राख घासल्यासारखी बोलतेस," असं भाऊच म्हणायचा. त्यामुळे बरीच वर्षं तिच्या वाट्याला फक्त गलका आला. बाजारातला गलका, दंगलीतला गलका, आगीपासून पळणाऱ्यांचा गलका. सिनेमातली शहरं तिने शेकड्यांनी ओरडून पेटवली, पण पडद्यावर एक माणूस तिचा स्वतःचा म्हणून नव्हता. मग कवचवीराचा पहिला भाग आला. लोहारणीसाठी तीन चांगल्या गळ्याच्या बाया येऊन गेल्या. तिघीही इतकं गोड बोलल्या की लोहारीण लोखंड ठोकतेय की पाक ढवळतेय ते कळेना. भाऊ वैतागून म्हणाला, "तू ये गं आत."

आत्या आत गेली ती स्टुडिओचा दरवाजा अडवून ठेवणारा लोखंडी ठोकळा हातात घेऊन. हात रिकामा असला की लोहारीण बोलूच शकत नाही, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून लोहारणीचं काम असलं की आत्या उभ्याने, ठोकळा पेलत बोलायची आणि कुणीतरी बाहेर पायाने दार धरून बसायचं. आठही भाग असेच झाले.

आठव्याच्या शेवटच्या दिवशी भाच्याने तिच्यासाठी आरामखुर्ची घेतली. सकाळीच त्याने बातमी दिली. "मालिका संपली, आत्या. आता खूप झालं. दुपारी खुर्ची घरी पोचेल. मस्त पाय पसरून बस."

तो हे मायेने म्हणाला, आणि तेच आत्याला जास्त लागलं. कुणी वाईटावर टपून म्हणालं असतं तर तिने दोन शब्द सुनावले असते. मायेपुढे काय बोलणार? ती मुकाट्याने काचेपलीकडे गेली. पण मनातून ती अशी चिडली होती की ठोकळा त्या दिवशी तिला हलका लागत होता.

शेवटचा प्रसंग चालू झाला. लोहारणीने कवचवीराच्या अंगावर कवच चढवलं, त्याला दाराबाहेर ढकललं, आणि ती वळली. प्रेक्षकांकडे पाठ, तोंड भट्टीकडे. वरून तुळई कोसळली, धूर झाला. मूळ सिनेमात इथे बोलणं नाही, नुसता धडाडधूम. टेबलामागे भाच्याच्या कानाला फोन होता. खुर्चीवाले जिन्यात अडकले होते. "डावीकडून तिरकी घ्या हो. नाही, पाय आधी. पाय आधी!" तो काचेआड हातवारे करत होता. रेकॉर्डिंगचा लाल दिवा मात्र चालूच होता.

आत्या पडद्यावरच्या त्या पाठीकडे बघत राहिली. डबिंगमध्ये राज्य ओठांचं. पडद्यावरचे ओठ उघडले की आपण उघडायचे, मिटले की मिटायचे. एवढी वर्षं तिने परक्या ओठांची चाकरी केली होती, एक मात्रा इकडची तिकडे होऊ दिली नव्हती. आता तिथे ओठच नव्हते. एका बाईची रुंद पाठ होती, आणि जग तिला निरोप देऊन मोकळं झालं होतं.

तुळई पडली. आत्याने श्वास घेतला आणि म्हणाली, "भट्टी विझवू नका. माझं काम राहिलंय."

"झालं?" भाच्याने फोनवर हात ठेवून विचारलं.

"झालं."

सिनेमा काढणाऱ्या कंपनीत तपासणारे होते, पण ते तपासतात ओठ. पाठीला ओठ नसतात. वाक्य सुखरूप पार पडलं आणि गावोगावच्या थिएटरांत जाऊन पोचलं. तिथे लोक म्हणे खुर्च्यांवरून उठून ओरडले. पुलाखालच्या भिंतीवर खडूने 'भट्टी विझवू नका' उमटलं. कंपनीकडे पत्रांचा असा पाऊस पडला की तिथले लोक चक्रावले. एवढ्या मोठ्या जगात या एकाच भाषेच्या माणसांना झालंय तरी काय?

आरामखुर्चीचं म्हणाल, तर ती आत्याच्या घरी एकच रात्र राहिली. दुसऱ्या दिवशी त्याच हमालांकडून तिने ती स्टुडिओत नेववली. "पाहुण्यांना होईल," म्हणाली. भाच्याने तोंड वाकडं केलं.

त्या खुर्चीत बसायला पहिला खरा पाहुणा आला तो कंपनीचा. तिशीतली एक मॅडम, नीटनेटकी, बोलायला सभ्य. खुर्चीत बसली आणि गुडघे हनुवटीला लागेपर्यंत आत गेली. तशा अवस्थेतच तिने लॅपटॉप उघडून तो प्रसंग आधी मूळ भाषेत दाखवला, मग आपल्या. पहिल्यात लोहारीण गप्प. दुसऱ्यात आत्याचा आवाज.

भाचा पडद्याकडे बघायचा, मग आत्याकडे. तुळई त्याच्याच डोक्यात पडल्यासारखा त्याचा चेहरा झाला. "अगं, मला वाटलं ते कागदावर होतं."

"कागद बघितलास कुठे? तू खुर्ची चढवत होतास."

"मला व्यक्तिशः वाक्य आवडलं," मॅडम म्हणाली, आणि ते खरं असावं, कारण म्हणताना तिचा आवाज उतरला. "पण अडचण समजून घ्या. स्पिन-ऑफ ठरलाय. कुत्र्याचा."

"अरे वा. काय करणार तो?"

"त्याचं बालपण आहे."

"कुत्र्याचं बालपण," आत्या म्हणाली. "आणि बाईचं म्हातारपण नको कुणाला."

मॅडमने ते ऐकून घेतलं आणि पुढे बोलू लागली. कुत्र्याचा सिनेमा येण्याआधी आठवा भाग पुन्हा थिएटरांत लावायचा होता. लोक लोहारणीत अडकून राहिले तर कुत्र्याला इथे कुणी विचारणार नाही. तेव्हा ते वाक्य काढायचं आणि तिथे एक किंकाळी टाकायची. एकच, पण अशी की ऐकणाऱ्याच्या मनात शंका राहू नये. "आणि ती तुमच्याच आवाजात हवी. लोक तुमचा आवाज ओळखतात."

"म्हणजे मी मारायची तिला."

"ती मेलेलीच आहे, आत्या." मॅडमनेही आता आत्या म्हणायला सुरुवात केली होती. "ज्यांनी गोष्ट लिहिली त्यांनी तिला मारलंय. तुमचं काम त्यांची गोष्ट आपल्या भाषेत पोचवणं. त्यात स्वतःची भर घालणाऱ्या तुम्ही कोण?"

प्रश्न रास्त होता. भाच्याने मान खाली घातली. आत्यालाही तो लागला. तिने कधी कुणाच्या शब्दाला उगाच हात लावला नव्हता आणि लावणाऱ्यांचा तिला संताप यायचा. 

"मी तिचा गळा," ती म्हणाली. "लिहिणाऱ्यांना विचारा, प्रेत का नाही दाखवलं? दाखवलं असतं तर मी गप्प बसले असते. उलट तुम्ही सांगाल तितकी रडून दिली असती. पण त्यांनी तिचं मरणसुद्धा धड केलं नाही. पाठ दाखवली, धूर सोडला आणि कॅमेरा घेऊन त्या कवचवीर पोराच्या मागे पळाले. तिचं कवच चालतं, तिची भट्टी चालते, तिचं पुढे काय झालं ते बघायला कुणाला वेळ नाही. मग मी बघितलं. एवढंच."

"किंकाळी दिलीत तर कुत्र्याच्या सिनेमात तुमच्यासाठी भूमिका आहे," मॅडम म्हणाली. "चांगली मोठी आहे. कुत्र्याची आजी."

 वरच्या दुकानात कुणीतरी बूट आपटून बघत होतं.

"भुंकायचंय?" आत्याने विचारलं.

"थोडं भुंकणं, थोडं बोलणं. भावनिक आहे."

आत्या मोठ्याने हसली. घोगरं, पोटातून आलेलं ते हसू ऐकून मॅडमलाही हसू आलं असावं, पण तिने ते दाबलं. "मॅडम, गलक्यात मी म्हशीसुद्धा केल्यात. आजी व्हायला माझी ना नाही. पण तिला मारून मिळणारी आजी मला नको. किंकाळी मी देणार नाही. आज नाही, उद्या नाही, कुणी गळा धरला तरी नाही."

भाचा उठला. "आत्या, जरा ऐक." त्याचा आवाज चिरकला होता. "उचलली जीभ लावली टाळ्याला असं नको करूस. आपलं निम्मं काम यांच्याकडून येतं. बाबांनी एवढं उभं केलेलं हे. एका किंकाळीसाठी घालवायचं? तुझं काय घोडं मारलंय त्यांनी?"

"मग मला काढ."

"काय?"

"सांग यांना, म्हातारीला काढून टाकली. तिचा आमचा संबंध नाही. तुला जड जायचं नाही रे. ते काम तू खुर्ची आणलीस त्याच दिवशी करून टाकलंस."

 बोलून गेल्यावर आत्याला वाईट वाटलं. या पोराला तिने या तळघरात रांगताना बघितलं होतं. पण शब्द मागे घ्यावासा तिला वाटला नाही, कारण तो खरा होता.

मॅडम खुर्चीतून उठू लागली. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा भाच्याने हात दिला. "ठीक आहे," कपडे झटकत ती म्हणाली. "मला सांगून पाठवलंय ते मला करावंच लागेल. दुसरा कुणाचा तरी आवाज घेऊ. शेवटी किंकाळी आहे, कुणीही देईल. संध्याकाळी एखादीला बोलावून इथेच करून टाका."

भाचा टेबलापाशी गेला. त्याने बटणांवरून उगाच हात फिरवला, मग काचेपलीकडच्या माइककडे बघितलं. लाल दिवा बंद होता.

"इथे नाही होणार," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"या माइकवर ती जगलीये. तिला मारायचंच असेल तर दुसरीकडे नेऊन मारा. मी बटण दाबणार नाही."

आत्याने त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर डोळ्यांत पाणी आलं असतं आणि मॅडमला ते दाखवायची तिची इच्छा नव्हती. तिने ठोकळा उचलला आणि मॅडम बाहेर जाईपर्यंत त्याच ठोकळ्याने दार उघडं धरून ठेवलं.

कंपनीचं काम बंद झालं. कुत्र्याचा सिनेमा दुसऱ्या स्टुडिओत गेला. भाचा मिळेल ते काम घेऊ लागला, आणि एका लिफ्टवाल्याला आत्याचाच आवाज पसंत पडला. शहरातल्या नव्या इमारतींत आत्या आता 'दरवाजा बंद होत आहे' असं म्हणते आणि लोक धसका घेऊन भिंतीला चिकटतात. औषधवाल्याचा मेहुणा तर म्हणे जिन्याने जातो.

लोहारणीच्या आवाजाची किंकाळी मात्र कंपनीला कुठे मिळाली नाही. दोघी-तिघींनी देऊन बघितली म्हणतात, पण ऐकणारा लगेच ओळखायचा की मरणारी बाई ही नव्हे. शेवटी त्यांनी नाद सोडला. वाक्य कापलं आणि तिथे मूळ धडाडधूम तेवढा ठेवला.

आठवा भाग पुन्हा लागला त्या दिवशी दुपारच्या खेळाला आत्या आणि भाचा जाऊन बसले. जायची कल्पना भाच्याची. आत्या नको म्हणत होती. आपल्या बाईला मुकी झालेली बघायचं तिच्या जिवावर आलं होतं, आणि हे तिने त्याला सरळ सांगितलंही. तो म्हणाला, "मग मी एकटा बघू का?" तेव्हा ती उठली.

थिएटर भरलं होतं. पुढे दोन रांगा सोडून औषधवाला दिसला, त्याच्या बाजूला गणवेशातच आलेला कंडक्टर. सिनेमाभर आत्या स्वतःचा आवाज ऐकत होती आणि प्रत्येक वाक्याला मनात घाबरत होती, की आता ते जवळ आलं.

आलं. लोहारणीने कवच चढवलं, पोराला बाहेर ढकललं आणि पाठ फिरवली. आत्याने पिशवी घट्ट धरली. तुळई कोसळली. धूर झाला. आणि आत्याचा आवाज जिथे असायचा तिथे धडाडधूमशिवाय काहीच नव्हतं. भाच्याने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"भट्टी विझवू नका!"

अंधारात कुणीतरी ओरडलं. कंडक्टरच असावा. मग औषधवाल्याचा चिरका आवाज, मग मागून एक बाई, मग डावीकडचा अख्खा कोपरा. कुणी घोगरं व्हायच्या नादात खोकत होतं. वाक्य एकाच्या तोंडून सुटून दुसऱ्याच्या तोंडात पडत छपरापर्यंत गेलं: "माझं काम राहिलंय! माझं काम राहिलंय!" पडद्यावरची पाठ धुरात उभी होती आणि आता अख्खं थिएटर तिच्यासाठी बोलत होतं.

आत्या मात्र बोलली नाही. ती रडत होती, उघड उघड, नाक ओढत. दिवे लागले तेव्हा भाच्याने विचारलं, "सगळे म्हणाले, तू का नाही म्हणालीस?"

आत्याने नाक पुसलं. "काय म्हणणार, कपाळ? कंडक्टर आधी सुटला, आपला औषधवाला मागे राहिला, आणि त्या कोपऱ्यातल्यांनी तर अर्धा शब्द गिळला."

मग ती उठून उभी राहिली, पुढच्या खुर्चीची पाठ धरली आणि बाहेर निघालेल्या गर्दीला तिने आपल्या खऱ्या आवाजात हाक मारली. सगळे जागच्या जागी थांबले. लिफ्टमध्ये थांबतात तसे.

"अहो, ऐका. तुळई पडली की लगेच तोंड नाही उघडायचं. आधी सगळ्यांनी मिळून श्वास घ्यायचा. मग बोलायचं."

कंडक्टरने छाती भरून श्वास घेऊन दाखवला. आत्याने मान डोलावली आणि भाच्याला म्हणाली, "जा, पुढच्या खेळाची तिकिटं काढ."